हार्डवेअर डिकोडर मध्येच थिजतो, बफर नक्की किती द्यायचे?

रात्रपाळी
मंडळी, व्हिडिओ डिकोडिंगमध्ये हात घातलेलं कोणी आहे का इथे? एका छोट्या बोर्डावर कॅमेऱ्याचा लाइव्ह फीड दाखवायचाय. एच.२६४, १०८०पी, सेकंदाला २५ फ्रेम. बोर्डावर हार्डवेअर डिकोडर आहे, लिनक्सच्या व्ही४एल२ (व्हिडिओ उपकरणांचा इंटरफेस) मधून वापरतोय. डिकोड झालेली फ्रेम दोन ठिकाणी जाते, एक म्हणजे स्क्रीनवर आणि दुसरं म्हणजे दर पाचवी फ्रेम डिटेक्शनच्या थ्रेडला (चित्रात माणूस आहे का एवढंच बघायचंय, चार फ्रेम जमल्या की एकदम मॉडेलला देतो कारण एकेक दिली तर फारच हळू चालतं).

आता होतं काय की डिटेक्शन बंद ठेवलं तर दिवसभर चालतं, चालू केलं की सेकंदभरात चित्र थिजतं. क्रॅश नाही, एरर नाही, सीपीयू निवांत बसलेला, सगळे थ्रेड कशाची तरी वाट बघतायत. आउटपुटच्या बाजूला बफर (एक फ्रेम मावेल एवढा मेमरीचा तुकडा) ८ दिलेत, ड्रायव्हर किमान ५ मागतो म्हणजे ३ जास्तीचेच आहेत.

दुसरं दुखणं, डिटेक्शन बंद असतानाही चित्र जरा मागेच असतं. कॅमेऱ्यासमोर हात हलवला की स्क्रीनवर तो उशिरा हलतो, डोळ्याला कळतं इतका. तोच फीड लॅपटॉपवर सॉफ्टवेअर डिकोडरने लावला तर एवढा उशीर नाही. बफर वाढवू की कमी करू? मेमरी मोजूनमापून आहे हे आधीच सांगतो.

कोडकिडा
३२ देऊन टाक आणि मोकळा हो. मेमरी वाचवण्याच्या नादात लोक रात्री जागवतात.

पिक्सेलपंत
थांबा जरा, आकडा सांगायच्या आधी स्ट्रीम काय म्हणतोय ते बघू. एसपीएस (स्ट्रीमचं हेडर) उघडून चार गोष्टी सांगा: लेव्हल (चित्राच्या आकाराची, मेमरीची मर्यादा ठरवणारा आकडा) किती लिहिलीय, मॅक्स नम रेफ फ्रेम्स (जास्तीत जास्त किती रेफरन्स फ्रेम) किती, बी फ्रेम (पुढच्या फ्रेमवरूनही बनणाऱ्या) आहेत का, आणि शेवटी व्हीयूआय (एसपीएसमधला जादा माहितीचा भाग) असेल तर त्यात बिटस्ट्रीम रिस्ट्रिक्शनचा फ्लॅग काय आहे.

रात्रपाळी
लेव्हल ४.०, प्रोफाइल मेन, रेफ फ्रेम्स १, बी फ्रेम अजिबात नाहीत. व्हीयूआय आहे पण बिटस्ट्रीम रिस्ट्रिक्शन ०.

पिक्सेलपंत
झालं, तुमच्या उशिराचं मूळ तिथेच आहे. थिजण्याचं नंतर बघू, आधी हे.

एच.२६४ मध्ये डिकोड झालेल्या फ्रेम जिथे थांबतात त्याला डीपीबी म्हणतात, डिकोडेड पिक्चर बफर. फ्रेम तिथे दोन कारणांनी थांबते. एक, पुढची कुठली तरी फ्रेम तिच्यावरून बनणार असते, म्हणजे ती रेफरन्स असते. दोन, ती डिकोड झालीय पण दाखवायची पाळी अजून आली नाही, कारण बी फ्रेम असल्या की डिकोड करायचा क्रम आणि दाखवायचा क्रम वेगळा असतो. दोन्ही कारणं संपली की जागा रिकामी.

ही जागा किती हे लेव्हलवरून ठरतं. लेव्हल ४.० ला एकूण ३२,७६८ मॅक्रोब्लॉक (१६ बाय १६ पिक्सेलचे तुकडे) मावतात. १०८०पी म्हणजे आडवे १२० आणि उभे ६८ मॅक्रोब्लॉक, म्हणजे ८,१६० ची एक फ्रेम, भागाकार केला की ४ फ्रेम. ७२०पी असता तर ३,६०० ची एक, म्हणजे ९ आल्या असत्या. कितीही छोटं चित्र असलं तरी कमाल १६.

आता गंमत बघा. तुमचा कॅमेरा बी फ्रेम पाठवत नाही, क्रम कधीच उलटापालटा होत नाही, पण हे तो कुठे लिहूनच देत नाही. बिटस्ट्रीम रिस्ट्रिक्शन नसेल तर स्टँडर्ड म्हणतं की डिकोडरने वाईटातलं वाईट धरावं, म्हणजे डीपीबी जेवढा मोठा तेवढ्या फ्रेम मागेपुढे होऊ शकतात असं समजावं. मग नियमाने चालणारा डिकोडर काय करतो, चारही जागा भरेपर्यंत एकही फ्रेम सोडत नाही. जागा संपली की सगळ्यात लहान पीओसीवाली, म्हणजे दाखवायच्या क्रमात सगळ्यात आधीची, फ्रेम बाहेर ढकलतो. ४ फ्रेम, २५ चा वेग, १६० मिलिसेकंद फुकट गेले. आणि ४.० आहे म्हणून निभावलं, काही कॅमेरे १०८०पी ला उगाच लेव्हल ५.१ लिहून मोकळे होतात, तिथे हिशोब २२ येतो, तो १६ वर अडवला जातो, आणि १६ फ्रेम म्हणजे ६४० मिलिसेकंद. चित्र तेच, बिटरेट तोच, फक्त हेडरातल्या एका आकड्यापायी.

निवांत_नाना
पंत, मग लॅपटॉपवर उशीर का नाही? नियम तर तिथेही तोच असणार ना.

पिक्सेलपंत
नाना, एफएफएमपेग या सॉफ्टवेअर लायब्ररीचा एच.२६४ डिकोडर इथे नियमाला चिकटून बसत नाही. क्रम सरळ आहे असं धरून चालतो आणि फ्रेम उलटीपालटी आलेली दिसली की तेव्हा थांबण्याची मुदत वाढवतो. त्यामुळे असा फीड पटकन दिसतो, पण बी फ्रेमवाल्या स्ट्रीममध्ये सुरुवातीला एखादी फ्रेम चुकीच्या क्रमाने निघू शकते किंवा गळू शकते. त्याला काटेकोर वागायला सांगितलं (स्ट्रिक्टचा पर्याय) की तोही थांबतो. अर्थात तिथे दुसरा उशीर असतो, फ्रेम थ्रेडिंग (प्रत्येक थ्रेडला वेगळी फ्रेम) चालू असेल तर प्रत्येक जादा थ्रेडमागे एक फ्रेम मागे पडते. लाइव्हला स्लाइस थ्रेडिंग (एकाच फ्रेमचे तुकडे थ्रेडांत वाटणं) ठेवावं किंवा एकच थ्रेड.

सी_वाली_ताई
उशिराचं पंतांनी सांगितलंच, मी थिजण्याकडे वळते. हा सरळ सरळ डेडलॉक आहे आणि तो कागदावर मोजता येतो.

रात्रपाळी, तुझे ८ बफर कोणाकोणाकडे आहेत ते बघ. डिकोडरच्या डीपीबीत ४. आत्ता ज्यात लिहिणं चाललंय तो १. झाले ५, ड्रायव्हर किमान ५ मागतो तो याचसाठी, त्यात तुझ्या स्क्रीनचा किंवा डिटेक्शनचा विचारच नाही. स्क्रीनकडे २, एक दिसतोय तो आणि एक पुढच्या रिफ्रेशला लागणारा. ७ झाले. डिटेक्शनने पहिली फ्रेम पकडून ठेवली, ८. पाच फ्रेमनंतर त्याने दुसरी धरली की डिकोडरला लिहायला जागाच उरत नाही. तो बफरची वाट बघतो. डिटेक्शन आणखी दोन फ्रेमची वाट बघतं, चार जमल्याशिवाय आधीच्या सोडत नाही. स्क्रीनवाला नवीन फ्रेम आल्याशिवाय जुनी सोडत नाही, कारण सोडली तर दाखवणार काय. तिघंही एकमेकांकडे बघत बसलेत आणि प्रत्येकाचं स्वतःपुरतं बरोबर आहे, म्हणून एरर येत नाही आणि सीपीयूही वापरला जात नाही.

बफर किती द्यायचे हा प्रश्न नंतरचा गं... सॉरी, रे. आधी प्रश्न हा की फ्रेम कोण किती वेळ धरून ठेवतं आणि सोडण्यासाठी कोणावर अवलंबून असतं. जो वापरणारा दुसरी फ्रेम मिळाल्याशिवाय पहिली सोडत नाही, त्याचा कमाल आकडा बेरजेत धरायलाच लागतो. तुझी बेरीज ५ + २ + ४ = ११. आठात अकरा बसत नाहीत.

कोडकिडा
मग मी तेच म्हणतोय ना, ३२ दे. ११ बसतील, वर २१ शिल्लक.

सी_वाली_ताई
३२ दिले की चालेल, हो. १०८०पी ची एक फ्रेम ४:२:० मध्ये (पिक्सेलला दीड बाइट) १९२० गुणिले १०८८ (उभे ६८ मॅक्रोब्लॉक) गुणिले दीड, ३१,३३,४४० बाइट. बत्तीस म्हणजे १० कोटी बाइट. डेस्कटॉपवर मी वाद घालणार नाही. पण अशा बोर्डांवर बऱ्याचदा डिकोडरला सलग मेमरी लागते, ती बूटच्या वेळी सीएमए म्हणून बाजूला काढलेली असते आणि स्क्रीन, कॅमेरा, डिकोडर सगळे त्यातूनच घेतात. तिथे दहा कोटी मागितलेस तर वाटपच फसेल.

आणि माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. जास्तीचे बफर दिले की गळती लपते. समजा एखाद्या एरर पाथमध्ये फ्रेम परत करायची राहतेय. ८ बफर असतील तर टेस्टिंगमध्येच अडकेल, ३२ असतील तर दोन आठवड्यांनी ग्राहकाकडे अडकेल आणि तुझ्याकडे फक्त फोन येईल.

कोडकिडा
गळती शोधायला कमी बफर हा काय उपाय आहे, ती तशीही शोधायचीच असते. आणि प्रत्येकाचा बोर्ड एवढा दरिद्री नसतो.

सी_वाली_ताई
शोधायचीच असते, पण दिसली तर शोधशील. मी तर टेस्ट बिल्डमध्ये बेरजेइतकेच बफर देते, एकही जास्त नाही, आणि रिलीजमध्ये एक-दोन वाढवते. शिवाय प्रत्येक बफरमागे एक छोटा खाना ठेवते, आत्ता कोणाकडे आहे आणि कितव्या फ्रेमपासून. चित्र अर्धा सेकंद हललं नाही की तो तक्ता लॉगमध्ये छापायचा. ज्याच्याकडे सगळ्यात जुनी फ्रेम दिसते तो चोर, बहुतेक वेळा तरी.

नवशिका
मध्येच विचारतो, डिकोडरचा इनपुट बफर मोठा केला तर नाही का चालणार? मी कुठेतरी व्हीबीव्ही की सीपीबी वाढवा असं वाचलेलं.

पिक्सेलपंत
ते वेगळं खातं. सीपीबी म्हणजे दाबलेला डेटा डिकोड व्हायच्या आधी साठतो ती जागा, एमपेग-२ मध्ये त्यालाच व्हीबीव्ही म्हणायचे. ती बाइटांत किंवा बिटांत मोजतात, फ्रेममध्ये नाही. एमपेग-२ च्या मेन प्रोफाइल मेन लेव्हलला ती १८,३५,००८ बिट, म्हणजे २२४ किलोबाइट फक्त. एक उघडी फ्रेम त्याच्या कितीतरी पट. इथे अडलंय ते आउटपुटला, इनपुट वाढवून रांग फक्त लांब होईल.

रात्रपाळी
ताई, ११ चा हिशोब पटला. पण ११ द्यायचे तर मेमरी काठावर येते. डिटेक्शनने चार फ्रेम न धरता काही करता येईल का? आणि पंत, कॅमेऱ्याचा एसपीएस मी कसा बदलणार, कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये तसलं काही नाही.

सी_वाली_ताई
तुझ्या मॉडेलला पूर्ण १०८०पी लागतं का? नाही ना, ते आत छोटं करूनच घेत असेल. मग फ्रेम आली की लगेच हार्डवेअर स्केलरने ६४० बाय ३६० करून तुझ्या स्वतःच्या बफरात लिही आणि डिकोडरची फ्रेम त्याच क्षणी परत कर. ६४० बाय ३६० म्हणजे ३,४५,६०० बाइट, मूळच्या नवव्या हिश्शाच्या आसपास. असे चार काय आठ ठेव. डिटेक्शन कितीही रेंगाळलं तरी डिकोडरला फरक पडणार नाही, तेवढ्या स्केलिंगपुरती १ फ्रेम मोजायची, चारऐवजी. बेरीज ८ वर येते, तुझे आहेत तेवढेच.

आणि एक, सीपीयूने कॉपी करायची असेल तर आधी मोजून बघ. काही ठिकाणी डिकोडरची मेमरी कॅशशिवाय मॅप झालेली असते, लिहिणं ठीक असतं पण वाचणं प्रचंड हळू. लोक झीरो कॉपी झीरो कॉपी (कॉपी न करता तीच मेमरी वापरणं) करत डीएमएबफच्या (लिनक्समधली बफर वाटून वापरायची सोय) मागे लागतात त्याचं एक कारण हेच, पण झीरो कॉपीचा अर्थ दुसऱ्याची फ्रेम धरून बसणं असाही होतो हे विसरतात.

पिक्सेलपंत
एसपीएस कॅमेऱ्यात बदलायचाच नाही, डिकोडरला देण्याआधी वाटेत बदलायचा. वेबआरटीसीत (ब्राउझरमधल्या व्हिडिओ कॉलची यंत्रणा) अगदी हेच केलेलं आहे, आलेला एसपीएस उघडून व्हीयूआयमध्ये रीऑर्डर फ्रेम्स (किती फ्रेम मागेपुढे होतात) ० आणि मॅक्स डेक फ्रेम बफरिंग (डीपीबीत किती फ्रेम लागतात) हे मॅक्स नम रेफ फ्रेम्सइतकं लिहितात. तुमच्या बाबतीत ० आणि १. तुमचं काम सोपं आहे कारण बिटस्ट्रीम रिस्ट्रिक्शनचा फ्लॅग व्हीयूआयच्या अगदी शेवटी येतो आणि व्हीयूआय एसपीएसच्या शेवटी. म्हणजे आधीचे सगळे बिट जसेच्या तसे उतरवायचे, शेवटच्या शून्याचा एक करायचा, पुढची फील्ड एक्स-गोलॉम्बमध्ये (आकडे बिटांत लिहायची पद्धत) जोडायची आणि ट्रेलिंग बिट (शेवटची खूण) नव्याने घालायचे. वाचण्याआधी इम्युलेशन प्रिव्हेन्शनचे (डेटात चुकून स्टार्ट कोड तयार होऊ नये म्हणून घातलेले) ०३ बाइट काढायला आणि लिहिल्यावर परत घालायला विसरू नका, नाहीतर एखाद्याच कॅमेऱ्यावर फुटेल आणि का फुटलं ते कळणार नाही.

फक्त हे बी फ्रेम नाहीत याची खात्री असेल तरच करा. एसपीएसमध्ये पीओसी टाइप (पीओसी काढायची पद्धत) २ असेल तर खात्री आपोआपच मिळते, त्या प्रकारात दाखवायचा क्रम डिकोडच्या क्रमासारखाच असतो. खोटं शून्य लिहिलं तर चित्र मागेपुढे उड्या मारेल.

आणि बोनस असा की डीपीबी ४ चा १ झाला तर ड्रायव्हरही कमी बफर मागायला हवा. बघा मागतो का, काही ड्रायव्हर लेव्हलवरूनच आकडा काढतात आणि व्हीयूआयकडे ढुंकूनही बघत नाहीत.

अर्धविराम
छान चाललाय धागा. दुसऱ्या कोडेकवाल्यांसाठी थोडं लिहितो, कारण एच.२६४ चं डोक्यात ठेवून बाकीचे लिहायला गेलात तर फसता.

एच.२६४ मध्ये रेफरन्स काढून टाकायचे दोन मार्ग. काही सांगितलं नाही तर स्लायडिंग विंडो, जुनी जाते नवी येते. नाहीतर एनकोडर एमएमसीओ नावाचे हुकूम पाठवतो, ही काढ, ती दीर्घकाळ ठेव. भानगड अशी की हुकूम असलेलं पॅकेट वाटेत हरवलं तर एनकोडरच्या मनातला डीपीबी आणि तुमचा डीपीबी वेगळे होतात आणि पुढची चित्रं चुकीच्या फ्रेमवरून बनत राहतात. २०१३ मध्ये आलेल्या एचईव्हीसीने (एच.२६५) हे मोडीत काढलं. तिथे प्रत्येक चित्रासोबत यादीच येते की अमुक अमुक रेफरन्स ठेवा, यादीत नाही ते गेलं. एखादी यादीत आहे आणि तुमच्याकडे नाही, म्हणजे ती हरवली हे लगेच कळतं. मला विचाराल तर एचईव्हीसीतलं हे सगळ्यात शहाणपणाचं काम, त्याची तारीफ कोणी करत नाही कारण त्याने बिटरेट कमी होत नाही.

मोजतानाही फरक आहे, एच.२६४ च्या डीपीबीच्या आकड्यात चालू फ्रेम धरलेली नसते, एचईव्हीसीत धरलेली असते. लेव्हलच्या कमाल आकाराच्या चित्राला तिथे ६ मिळतात, चित्र लहान असेल तर १६ पर्यंत. ४के १० बिट, १६ बिटांच्या जागेत ठेवलं तर एक फ्रेम २,४८,८३,२०० बाइट, सहाचे १५ कोटी. शिवाय प्रत्येक रेफरन्सचे मोशन व्हेक्टरही (कुठला तुकडा किती सरकला याचे आकडे) सोबत जपायला लागतात, ते वेगळेच.

व्हीपी९ आणि एव्ही१ मध्ये तर लेव्हलवरून भागाकार वगैरे काही नाही. सरळ ८ खाने. प्रत्येक फ्रेम सांगते की मी यातल्या कुठल्या खान्यांत बसणार, ८ बिटांचा मास्क असतो. एकच फ्रेम एकाच वेळी तीन खान्यांत बसू शकते, म्हणून तिथे रेफरन्स काउंटशिवाय (फ्रेम किती ठिकाणी वापरात आहे याच्या मोजणीशिवाय) गत्यंतर नाही. व्हीपी९ ची फ्रेम त्यातल्या ३ वापरते, एव्ही१ ची ७. आणि एव्ही१ मध्ये फिल्म ग्रेन (फिल्मसारखा दाणेदारपणा) असेल तर ग्रेन घातलेलं चित्र दाखवायचं असतं पण रेफरन्स म्हणून बिनग्रेनचंच ठेवायचं असतं, म्हणजे दाखवायला वेगळा बफर किंवा जीपीयूवर दाखवताना घालणं. हे कळलं नाही की लोक म्हणतात एव्ही१ दुप्पट मेमरी खातं.

नवशिका
अर्धविराम, एक शंका. मी फ्रेम मिळाली की तिच्यावरच चौकट काढतो, सापडलेल्या वस्तूभोवती. तर चौकटीच्या सावल्या मागे राहतात, वस्तू पुढे गेली तरी, आणि मग अचानक सगळं स्वच्छ होतं. हे पण याच्याशी संबंधित आहे का?

अर्धविराम
शंभर टक्के. तुझ्या हातात आलेली फ्रेम डिकोडर अजून रेफरन्स म्हणून वाचतोय. तू तिच्यावर रेघ मारलीस की पुढची फ्रेम त्या रेघेसकट बनते, मोशन व्हेक्टर रेघेला ओढत नेतात. पुढची आयडीआर (सगळं नव्याने सुरू करणारी फ्रेम) आली की रेफरन्स सगळे गेले, म्हणून स्वच्छ. फ्रेम दाखवायला मिळाली म्हणजे लिहायला मिळाली असं नाही. एफएफएमपेगमध्ये मेक रायटेबल नावाचं फंक्शन आहे, दुसरं कोणी वापरत असेल तर ते आधी कॉपी करून देतं. पण चौकट काढायला कॉपी कशाला, स्क्रीनवर वेगळ्या लेयरला काढ.

निवांत_नाना
रात्रपाळी, आत्ताच सांगून ठेवतो, कॅमेऱ्याचं रेझोल्यूशन चालू असताना बदललं तर काय होतं तेही बघून घ्या. नवीन एसपीएस आला की लोक जुना बफर पूल (बफरांचा साठा) तिथल्या तिथे मोडतात आणि स्क्रीनकडे अजून जुन्या पुलातली फ्रेम असते. जुना पूल शेवटची फ्रेम परत येईपर्यंत जिवंत ठेवायला लागतो. व्हीपी९ मध्ये तर त्याहून वाईट, तिथे कीफ्रेमशिवाय (दुसऱ्या कुठल्याही फ्रेमवर न विसंबणाऱ्या फ्रेमशिवाय) आकार बदलू शकतो आणि नवीन आकाराची फ्रेम जुन्या आकाराचा रेफरन्स लहानमोठा करून बनते. जुना पूल टाकला की संपलंच.

रात्रपाळी
अपडेट. स्केलरवाला बदल केला, ८ बफरांवर डिटेक्शन चालू ठेवूनही थिजत नाही. एसपीएसही वाटेत बदलला, पीओसी टाइप २ च निघाला त्यामुळे निर्धास्त. उशीर डोळ्याला जाणवत नाही आता. ड्रायव्हर मात्र अजूनही ५ च मागतो, पंत म्हणाले तसा लेव्हलवरूनच काढत असणार. लेव्हल पण खाली लिहून बघू का, ३.१ वगैरे?

जाता जाता, चित्राच्या तळाला एक बारीक हिरवी पट्टी दिसायला लागलीय, ती कुठून आली? फक्त स्केल केलेल्या चित्रात दिसते.

पिक्सेलपंत
लेव्हल ३.१ ला १८,००० मॅक्रोब्लॉक, ८,१६० ने भागलं की २ फ्रेम, तुम्हाला १ पुरते, त्यामुळे डीपीबीपुरतं जमेल. पण ३.१ मध्ये एका फ्रेमचीच कमाल ३,६०० मॅक्रोब्लॉक आहे, १०८०पी त्यात बसतच नाही, काही ड्रायव्हर स्ट्रीमच नाकारतील. ४.० च राहू द्या.

हिरवी पट्टी म्हणजे १०८० आणि १०८८ मधल्या ८ ओळी. मॅक्रोब्लॉक १६ चा असतो, १०८० ला १६ ने भाग जात नाही म्हणून बफर १०८८ चा, आणि खालच्या ८ ओळी क्रॉप करायच्या असं एसपीएसमध्ये लिहिलेलं असतं. स्केलरला तुम्ही बफरची उंची दिलीत, चित्राची नाही. वाय, यू, व्ही (उजेड आणि रंगाचे आकडे) तिन्ही शून्य असले की रंग हिरवा येतो. सोर्सचा चौकोन १९२० बाय १०८० द्या, आणि स्ट्राइड (मेमरीत एका ओळीला लागणारे बाइट) ड्रायव्हर सांगतो तोच वापरा, रुंदीवरून काढू नका.